सासऱ्यांनी खाल्लेलं पायसम

तंजावरहून काहीतरी लिहून पाठवा, असं संपादकांनी कळवलं तेव्हा त्यांच्या मनात काय असणार हे मला ठाऊक होतं. राजवाडा, जुन्या पोथ्या, वीणा, मान हलवणाऱ्या बाहुल्या. यातलं मला काही येत नाही. मान मी घरी सासूबाईंपुढे हलवते, पण ते लिहिण्याजोगं कौशल्य नव्हे. मला येतं ते रक्त काढायला. उभा जन्म मी मेलवीदी रस्त्याच्या मागच्या एका लहानशा लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबर बांधत आले आहे. "मूठ वळा" म्हणायचं, लोक भिंतीवरच्या पिळ्ळैयारच्या, आपल्या गणपतीच्या, कॅलेंडरकडे बघत राहतात, तेवढ्यात आपलं काम उरकायचं.

भाषेबद्दलही आधीच सांगते. आम्ही मराठी माणसं इथं कावेरीकाठी कधी आलो ते मोजायचं पूर्वजांनीच सोडून दिलं. घरात बोलतो ती मराठी तुमच्या कानाला जुनी लागेल, तिचा हेल तमिळ लागेल. माझ्या वडिलांनी हट्टानं मला देवनागरी शिकवली म्हणून हे लिहिता येतंय. आमची मुलगी हे वाचू शकणार नाही, त्यामुळे तिच्या आईचं वजन, खाणं वगैरे विषयांवर मी मोकळेपणानं लिहिणार आहे.

लग्नाकार्यात कुणी विचारलं, काय करता, आणि मी "रक्त काढते" म्हटलं, की माणसांचे दोन प्रकार होतात. एक हात मागे घेतो. दुसरा तिथंच बाही वर सरकवून विचारतो, "माझी शीर सापडते का बघा हो." तिरुवैयारूचे एक मृदंगवादक आहेत, ते बोट टोचू देत नाहीत. म्हणतात, बोटावर माझं पोट आहे, दंडात काय हवं ते कर. एक बाई काढलेल्या रक्ताकडे अशा नजरेनं बघतात की मला चोरी करत असल्यासारखं वाटतं. घरी जाऊन त्या भरपाई म्हणून डाळिंबाचा रस पितात आणि पुढच्या खेपेला साखर वाढली म्हणून मलाच बोल लावतात.

आमच्या गावात साखर ही काही आजाराची गोष्ट राहिलेली नाही, ती ओळखीची गोष्ट आहे. टाउन बसमध्ये शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग साखर. तपासणीआधी दोन दिवस कडक पथ्य पाळून येणारे पुष्कळ. परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडणाऱ्या पोरांसारखे. त्यांना मी नेहमी सांगते, उपाशीपोटीची साखर म्हणजे पाहुणा येणार कळल्यावर आवरलेला हॉल. तीन महिन्यांची साखर म्हणजे त्याच पाहुण्यानं न विचारता उघडलेलं कपाट. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण तेवढे महिने जगतात, आणि त्या काळात जितकं गोड अंगावरून गेलं तितकं त्यांना चिकटून राहतं. तिथं दोन दिवसांचा अभ्यास चालत नाही.

आता प्लेटलेट. मराठी पुस्तकात यांना बिंबिका म्हणतात असं मी वाचलं. नाटकातल्या एखाद्या राणीच्या दासीचं नाव वाटतं, म्हणून मी प्लेटलेटच म्हणणार. कुठं कापलं, खरचटलं की धावत जाऊन भोक बुजवणारे हे रक्तातले अगदी बारके तुकडे. मी त्यांना वाढपी म्हणते. लग्नाच्या पंगतीत चांगला वाढपी कोणता? भिंतीपाशी उभा राहतो, कुणाचं पान रिकामं झालंय ते बघतो, बोलावलं की येतो, वाढतो, जातो. नाहीतर दुसरा प्रकार आठवा. अंगानं आडवा, हातात बादली, कुणी हाक मारली नसताना धावत येणार, सांबारात पायसम, म्हणजे आमची खीर, ओतणार, दुसऱ्या वाढप्याला धडकणार आणि दोघं मिळून पंगतीच्या मधोमध वाट अडवून उभे. रक्तात साखर फार काळ चढलेली राहिली की प्लेटलेट या दुसऱ्या जातीचे व्हायला लागतात. आकारानं मोठे, चिकट, उतावळे. जखम नसतानाही एकमेकांना धरतात. ही गर्दी हृदयाच्या किंवा मेंदूच्या नळीत झाली, तर काय होतं ते मी सांगायला नको.

आमच्या यंत्राच्या रिपोर्टात अगदी खाली प्लेटलेटच्या सरासरी आकाराचा आकडा छापून येतो. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेल्या बाळगोपाळांच्या नावांसारखा, कुणी वाचत नाही. मलाही वाचायची सवय नव्हती. किट्टूमामांनी ती लावली.

किट्टूमामा म्हणजे कृष्णाजीराव, माझ्या आईचे चुलतभाऊ. ओरत्तनाडच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. साखरेचे जुने मानकरी. बोलायला बसले की माझी दुपार गेली. मामी घरात साखरेचा डबा कुलपात ठेवतात आणि किल्ली कमरेला. मामा सकाळी राजवाड्याला वळसा घालून चालतात, बिनसाखरेची फिल्टर कापी पितात, रात्री दलियाची खिचडी खातात. तरी त्यांची तीन महिन्यांची साखर दर खेपेला आधीपेक्षा वरच. मला वाटायचं, मामीच्या किल्लीची दुसरी प्रत कुणी करून घेतलीय.

गेल्या वर्षी महाळाचा पंधरवडा संपला आणि मामा लॅबमध्ये आले.

"काय गे कमळू, आज किती बाटल्या भरणार?"

"दोनच, मामा. तुमचं रक्त फार ठेवलं तर टेबलाला मुंग्या लागतील."

"लागू दे. तेवढीच तुज सोबत." त्यांनी बाही सरकवली. "परवा एक गंमत झाली. सांगतों, सुई टोच तू."

गंमत कळायला तुम्हाला आमची एक रीत सांगायला हवी. श्राद्धाला आम्ही पितरांच्या जागी एका माणसाला पानावर बसवतो. त्या दिवशी तो माणूस म्हणजे गेलेले वडील. त्याचे पाय धुवायचे, पोटभर वाढायचं, नको म्हणाला तरी आग्रह करायचा. जेवण झालं की घरच्या कर्त्यानं हात जोडून विचारायचं, तृप्ती झाली का? त्यानं म्हणायचं, "तृप्तोऽस्मि." तो शब्द त्याच्या तोंडून आला की घर सुटकेचा श्वास टाकतं. या पानावर बसणारी आमच्यातली माणसं पूर्वी गल्लीगणिक होती. पोरं चेन्नईला गेली, बेंगळुरूला गेली, काही समुद्रापार गेली. ज्यांची तिथी येते त्या घरात कर्ता विमानानं येतो, पण पानावर बसायला माणूस मिळत नाही. शेवटी उरले किट्टूमामा. तंजावरच्या साऱ्या मराठी घरांचे वडील गेली कित्येक वर्षं एकाच माणसाच्या तोंडानं जेवतात. महाळात तर रोज.

"तर एका घरी जेवलों," मामा सांगू लागले. "यजमान हात जोडून पुढं उभा. तृप्ती? मज शब्द ठाऊक. इथं होता." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "इथं येईना." जिभेला लावलं. "तोंड उघडलं तर नुसता वारा. यजमान घाबरला. बाप तृप्त नाही म्हणून त्यानं पायसमाचा अजून एक पळा ओतला. मी गिळला. पुन्हा विचारलं, पुन्हा वारा. पुन्हा पळा. मग थोड्या वेळानं आला बघ शब्द. म्हणजे तेवढंच पायसम कमी पडत होतं त्यांच्या बापाला."

ते हसले. माझ्या हातात सुई तशीच.

"मामा, हाताचं काही झालं?"

"उजवा जरा उतरलेला. पंचा सावरायला गेलों तर हात ऐकेना. वाद्यारांनी मागून धरला म्हणून अस्का गाव हसायचं राहिलं." वाद्यार म्हणजे श्राद्ध सांगणारे आमचे भटजी.

अस्का म्हणजे सगळा. त्या क्षणी मला हसू येत नव्हतं.

मी रक्त घेतलं, नमुना ताजा असतानाच यंत्रावर लावला. ताजा म्हणते त्याला कारण आहे. आमच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत जे औषध असतं त्यात प्लेटलेट पडून राहिले की आपोआप फुगतात. बाहेरगावचा नमुना पिशवीतून दोन बस बदलून आला, तर निरोगी माणसाचे प्लेटलेटही ढेरपोटे दिसतात. त्या आकड्याला मी आकडा मानत नाही. पण मामा माझ्या समोर बसले होते आणि त्यांच्या प्लेटलेटना फुगायला अजून वेळ मिळाला नव्हता. आकडा चढलेला. काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. मोठमोठे वाढपी, बादल्या घेऊन निघालेले. तीन महिन्यांची साखर तर एवढी की मी मशीन बिघडलं का म्हणून माझंच रक्त त्यावर लावून बघितलं. मशीन ठीक होतं. माझा आकडाही लक्षात राहण्यासारखा होता, त्याबद्दल नंतर.

आमच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरअम्मांचा दवाखाना आहे. माझ्यापेक्षा वयानं लहान, कमी बोलतात, पेशंटनं लांबण लावली की पेन खाली ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत राहतात. मामांना मी जिन्यानं वर नेलं, खरं तर ढकललं. त्यांनी गंमत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. डॉक्टरअम्मांनी पेन खाली ठेवलं.

"मामा, ही गंमत नाही," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "मेंदूच्या नळीत गाठ आली आणि सुटली. सुटली हे तुमचं नशीब. पुढची सुटेलच असं मी लिहून देणार नाही. मग हा शब्दच काय, मामींना हाक मारायलाही जीभ राहणार नाही."

मामांचं हसू ओसरलं. ज्या माणसानं आयुष्यभर बोलूनच घर चालवलं, त्याला याहून वाईट काय सांगणार?

मी प्लेटलेटच्या आकड्यावर बोट ठेवलं. डॉक्टरअम्मा म्हणाल्या, "नुसत्या याच्यावर मी काही ठरवत नाही. आकार बऱ्याच कारणांनी वाढतो. पण साखर, ब्लडप्रेशर, ही गोष्ट आणि हा आकडा, चौघं एका बाकावर येऊन बसलेत. म्हणून घाबरते." त्यांनी मोठ्या इस्पितळात स्कॅनला चिठ्ठी दिली, रक्ताची गाठ होऊ नये म्हणून एक गोळी दिली, आणि विचारलं, "खाता काय?"

मामांनी सांगितलं. दलिया, ताक, कापी, चालणं. मामीची किल्ली.

"मग साखर येते कुठून?"

"तेच मी हिला विचारायला आलों."

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. "मामा, आणि महाळातली जेवणं? रोजची?"

"ती कुठं मी जेवलों?"

"मग कोण जेवलं?"

मामांनी माझ्याकडे, गणितात नापास झालेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "आमच्या घरचं खाणं विचारलंस ते सांगितलं. पानावर बसतों तेव्हा मी नसतों गे. तुझ्या घरी महाळाला पायसम तुझ्या सासऱ्यांनी खाल्लं. वडे, घारगे, ते अस्का त्यांचंच. मी फक्त बसलेला."

डॉक्टरअम्मांनी पुन्हा पेन खाली ठेवलं. "म्हणजे पोट तुमचं, जेवण त्यांचं."

"बरोबर. पटकन समजलं तुज."

"आणि रक्त कुणाचं?"

मामांनी खरोखर विचार केला. "रक्ताचं शास्त्रात कुठं आलेलं नाही," ते म्हणाले.

त्यांची लबाडी नव्हती, हे मी त्यांना ओळखते म्हणून सांगते. चोरून लाडू खाणारा माणूस नजर चुकवतो. मामांनी नजर चुकवली नाही. वर्षानुवर्षं हिशेबात न धरलेलं ते जेवण त्यांच्या मनात खरंच दुसऱ्याच्या खात्यावर जात होतं. वर आणखी एक गोष्ट होती. श्राद्धाच्या दिवशी दुपारपर्यंत तोंडात काही घालायचं नाही म्हणून साखरेची गोळीही नाही. दुपारी वडिलांइतकं जेवायचं. रात्री पुन्हा उपास. इकडे गोळी चुकली, तिकडे पायसमाचे पळे.

"पानावर बसणं बंद," डॉक्टरअम्मा म्हणाल्या.

"मी नाही बसलों तर कोण बसणार?" मामांनी विचारलं. हट्टानं नव्हे. अगदी साधं विचारलं. डॉक्टरअम्मांकडे त्याची गोळी नव्हती. माझ्याकडेही नव्हती.

स्कॅन सुदैवानं बरा निघाला. मामा घरी आले आणि तिसऱ्याच दिवशी एका घरच्या तिथीचं आमंत्रण घेऊन मोकळे झाले. मामी माझ्याकडे येऊन रडल्या. म्हणाल्या, "डब्याला कुलूप घातलं मी. माणसाला कुठं घालू?"

मी हे रात्री जेवताना आमच्या ह्यांना सांगत होते. हे बँकेत आहेत, कुठलीही गोष्ट ऐकली की आधी "बघू" म्हणतात. ते "बघू" म्हणाले. सासूबाई कोपऱ्यात खुर्चीवर बसून ताक पीत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणजे त्यांना हवं तेव्हा. त्यांनी पेला खाली ठेवला.

"किट्टूला उद्या बोलाव," म्हणाल्या.

मामा आले. सासूबाईंपुढे ते नेहमी जरा जपून बसतात.

"किट्टू, महाळाला आमच्याकडे पायसम कुणी खाल्लं?"

"तुमच्या यजमानांनी."

"किती वेळा घेतलं?"

मामा घुटमळले. "आग्रह झाला... तीनदा."

"तीनदा," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सून म्हणून तूच सांग गे, शेवटची वर्षं मी ह्यांना पायसम दिलं होतं?"

"वाससुद्धा नाही," मी म्हटलं. खरं होतं. माझे सासरे साखरेनंच गेले. आधी पायाचं बोट, मग बाकीचे. त्या वर्षांत घरात गोड झालं की सासूबाई ठेव्यावरच्या नागासारख्या भांड्याभोवती बसत.

"मी जिवंत असताना जे मी त्यांना खाऊ दिलं नाही," सासूबाई मामांना म्हणाल्या, "ते आता माझा डोळा चुकवून तुझ्या तोंडानं तीन-तीनदा खातात? मेल्यावर साखर बरी झाली असं कुणी सांगितलं त्यांना? तू सांगितलंस?"

मामांनी तोंड उघडलं. नुसता वारा. मी उठायला लागले, पण हा वारा वेगळ्या जातीचा होता. हरलेल्या माणसाचा.

"अक्का, पण पितर उपाशी..."

"उपाशी कोण ठेवतंय? कारल्याची भाजी त्यांना आवडायची. मुगाचं कूट घातलेलं कच्चं केळं आवडायचं. गवार खायचे. श्राद्धाला हे अस्का चालतं. भात दोन मुठी. पायसम पळीच्या टोकाला, नाव सांगण्यापुरतं. आणि गोळी मी पानात वाढायचे, मिठाशेजारी. गोळीशिवाय त्यांनी पहिला घास घेतला नाही कधी. माझ्या घरात पानावर माझा नवरा बसणार असेल, तर तो माझ्या पथ्यानं जेवेल."

आमच्या ह्यांनी पहिल्यांदा "बघू" ऐवजी "बरोबर" म्हटलं.

वाद्यारांना विचारलं. ते आधी दाढी खाजवत बसले, मग म्हणाले, औषध म्हणजे काही अन्न नव्हे, आणि गेलेल्याला जे मानवत होतं तेच वाढावं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्याकडे बाही सरकवून हजर. आदल्या रात्री झोप आली नाही म्हणाले. आली नसणारच, आकडा तसाच होता. डॉक्टरअम्मांनी मामांच्या गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या. तिथीच्या दिवशी जेवण उन्हं कलायच्या आधी, साखरेची गोळी पहिल्या घासाबरोबर, आणि रात्री उपास न धरता थोडं ताक-दलिया. हा शेवटचा भाग मामांना जड गेला. "पितरांचं जेवण पचलं नसताना मी जेवू?" म्हणाले. मामी म्हणाल्या, "ते त्यांचं, हे तुमचं." मामांचंच गणित होतं, बोलणार काय?

मग सासूबाईंनी फोन हातात घेतला. ज्या ज्या घरी मामा बसायचे त्या त्या घरी. "तुमच्या सासऱ्यांना साखर होती का?" एवढा एकच प्रश्न. एक घर सोडून कुठूनही ठाम 'नाही' आलं नाही. त्या घरचे वडील साखरेचे नव्हते, पण त्यांना ब्लडप्रेशर होतं, म्हणून तिथं मीठ कमी झालं. चेन्नईच्या एका सूनबाईंनी विचारलं, आमच्या आजेसासऱ्यांच्या काळी तपासणीच नव्हती, त्यांचं काय करायचं? सासूबाई म्हणाल्या, "ते कसे गेले?" उत्तर ऐकून म्हणाल्या, "होती."

आणि आमचे हे, ज्यांना मी आजवर फक्त खुर्चीत बसलेलं बघितलं, ते इतर घरी पानावर बसायला तयार झाले. म्हणाले, बसायची सवय आहे मला, मामांचा निम्मा भार घेतो. मी म्हटलं, आधी इकडे दंड. आता आमच्यात नवा नियमच झालाय, पानावर बसायचं असेल तर आधी लॅबमध्ये बसायचं.

मामांचा धीर मात्र खचला होता. शब्द विसरायची त्यांना धास्ती लागली. बसल्याबसल्या ते ओठांतल्या ओठांत "तृप्तोऽस्मि" म्हणून बघत. मामी सांगायच्या, झोपेतही म्हणतात, समोर कुणी विचारत नसताना. मी त्यांना लॅबमध्ये बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितला.

"हे जांभळे ठिपके?"

"तुमचे वाढपी. मामा, हे आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त जगत नाहीत. मग नवे येतात. आज तुमच्या अंगात जे फिरतायत, त्यातल्या एकालाही महाळाचं पायसम आठवत नाही."

डॉक्टरअम्मांनी हे ऐकलं असतं तर पेन खाली ठेवलं असतं. शरीर एवढं सरळ नसतं, साखर हाडाच्या मज्जेपर्यंत आपल्या खुणा ठेवते, नव्या वाढप्यांनाही जुन्याच स्वयंपाकघरात तयार व्हावं लागतं. ते मी मामांना सांगितलं, पण दुसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य त्यांना जास्त आवडलं. "म्हणजे दर आठवड्या-दोन आठवड्यांनी नवा वर्ग," ते म्हणाले. "तेच धडे, नवी पोरं. मग शिकवता येईल."

त्यांनी शिकवलं. चालणं वाढलं, गोळी चुकली नाही, मामीची किल्ली कमरेवरून खुंटीवर आली. पुढची तपासणी माझ्या सासऱ्यांच्या तिथीच्या आदल्या दिवशी आली. मी तसाच नमुना घेतला, तसाच ताजा लावला, त्याच यंत्रावर. तीन महिन्यांची साखर पुष्कळ उतरली होती. शहाण्या माणसाची अजून नव्हती, पण शहाणपणाच्या वाटेवरची होती. प्लेटलेटचा आकडाही खाली आला. फार नाही. काचेवर बघितलं तर वाढपी बारीक दिसले, भिंतीपाशी उभे. डॉक्टरअम्मा म्हणाल्या, "एवढ्यावर नाचू नका. हसायला हरकत नाही." आणि स्वतः हसल्या. त्या हसतात हे मला तेव्हा कळलं.

माझा आकडा राहिला. श्राद्धानंतर उरलेलं पायसम आमच्या घरी कोण संपवायचं, याची चौकशी आजवर कुणी केली नव्हती. शेष म्हणून, प्रसाद म्हणून, टाकायचं कसं म्हणून. मीही ते माझ्या हिशेबात कधी धरलं नव्हतं. मामांना हसण्याचा अधिकार माझ्यापाशी किती होता ते तुम्हीच बघा. आता सकाळी मामांबरोबर राजवाड्याला वळसा घालणारी एक ठेंगणी, धापा टाकणारी बाई दिसली, तर ती मी.

दुसऱ्या दिवशी तिथी. मामा पानावर बसले. ह्यांनी पाय धुतले. कारलं, केळं, गवार, दोन मुठी भात. सासूबाई कधी नव्हे त्या काठी टेकत पानापाशी आल्या आणि मिठाशेजारी त्यांनी गोळी ठेवली. अगदी त्याच जागी, त्याच सवयीनं, बघावंही लागलं नाही. मामांनी गोळी घेतली, पहिला घास घेतला. पळीच्या टोकाला पायसम आलं, तेही चाटलं. आग्रह कुणी केला नाही. आमच्या घरातलं पहिलं श्राद्ध असेल ज्यात कुणी "अजून थोडं" म्हटलं नाही.

हे हात जोडून पुढे उभे राहिले. विचारलं, "तृप्ती झाली?"

मामांनी तोंड उघडलं आणि थांबले.

स्वयंपाकघराच्या दारात मी उभी होते. मामी माझ्या दंडाला धरून होत्या, माझ्या रबरापेक्षा घट्ट. वाद्यार पुढं सरकले. ह्यांचा हात नकळत पायसमाच्या पळीकडे गेला, आणि सासूबाईंनी काठी आडवी घातली.

मामांनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं. मग वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात, एकेक अक्षर सुटं करून म्हणाले, "तृप्तोऽस्मि."

सासूबाईंनी पायसमाच्या भांड्यावर झाकण ठेवलं. "ह्यांनी जन्मात पहिल्यांदा पुरे म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसायला आत गेल्या.

झाकण ठेवताना त्यांनी माझ्याकडेही बघितलं. मी मान हलवली.